दुसरं बोट

फोनच्या काचेवर शून्य पूर्णांक शून्य दोन सात असा आकडा उमटला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की काटा बिघडलाय. मग माझं मलाच हसू फुटलं. फॉल रिव्हर गावात नदीकाठी भंगाराची जी मोठी वखार आहे, तिथल्या वजनकाट्यावर मी एकतीस वर्षं बसतोय. एवढ्या वर्षांत ज्या ज्या ड्रायव्हरची लबाडी मी पकडली, त्यातल्या एकानंही ती कबूल केलेली नाही. सगळे एकच वाक्य म्हणतात, आदेलिनो, तुझा काटा बिघडलाय. लोखंडाच्या पत्र्याखाली ओली वाळू भरून आणणारा हेच म्हणतो. भरलेली गाडी तोलताना केबिनमध्ये ठाण मांडून बसणारा आणि रिकामी तोलताना सिगारेट ओढायला खाली उतरणारा, म्हणजे स्वतःचं शंभर किलोचं शरीर भंगाराच्या भावात विकू पाहणारा, तोही हेच म्हणतो. आणि आता वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, माझ्याच घरच्या मागच्या खोलीत, पलंगाच्या कडेवर बसून मीही तेच म्हटलं होतं. काटा बिघडला नव्हता. हातातली नळी रोजचीच होती. दिवसातून तीनदा, त्याच्या मनाला येईल तेव्हा फोन किणकिणतो. तासाभराच्या आत नळीत फुंकायचं, फुंकताना फोनचा डोळा आपलं तोंड टिपतो, आणि श्वासात दारू किती हे आकड्यात सांगतो. आज एकोणऐंशीवा दिवस. दोनशे छत्तीस फुंकरी शून्याच्या गेल्या होत्या. ही दोनशे सदतिसावी.

मी प्यालो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पिणाऱ्याच्या गोष्टीत लोकांना शेवटपर्यंत तेवढंच हवं असतं. नेहमी मी फुंकण्याआधी पाण्यानं खळखळून चूळ भरतो आणि शंभर आकडे मोजतो. आज चूळ भरली नव्हती. सव्वासहा वाजले होते. नियम असा की काही खाल्लं असेल तर पंधरा मिनिटं थांबायचं, आणि तासाच्या आत पुन्हा फुंकलं तर दुसरा आकडा धरला जातो. म्हणजे साडेसहाला मी पुन्हा फुंकणार, तोंडातलं उडून गेलेलं असणार, शून्य येणार. यात मला तिळभर शंका नव्हती. मी घड्याळ मांडीवर ठेवलं आणि बसलो. जूनमधलं ऊन खिडकीतून तिरकं येऊन चादरीवर पडलं होतं. पुढच्या खोलीत पांढऱ्या साटिनच्या सात पायऱ्यांवर, कागदी गुलाबांच्या गर्दीत, पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट ठेवलेला होता, आणि साऱ्या घरात गोमांसाच्या रश्श्याचा, दालचिनीचा आणि पुदिन्याचा वास भरला होता. पंधरा मिनिटं म्हणजे काय! वखारीत दुपारच्या रांगेत एखादी गाडी पंधरा मिनिटं उभी राहते तेव्हा ड्रायव्हर भोंगा वाजवून वाजवून जीव नकोसा करतो. मी म्हणतो, अरे, घाई कसली, लोखंड काही नासत नाही.

पण या पंधरा मिनिटांत मुकुटापुढच्या रोजच्या जपमाळेला ग्वाल्तेर येणार होता. ग्वाल्तेर माझा मेहुणा, दिओलिंडाचा थोरला भाऊ. कोलंबिया स्ट्रीटवर त्याचं टायरचं दुकान आहे, आणि पवित्र आत्म्याच्या उत्सवाच्या मंडळीचा यंदाचा तोच मुख्य. ईस्टरनंतरचे सात आठवडे मुकुट सात घरी राहतो. कुणाच्या घरी कधी, ते आदल्या वर्षी चिठ्ठ्या टाकून ठरतं. शेवटचा आठवडा सगळ्यात मानाचा, कारण त्या घरचा माणूस रविवारी मिरवणुकीत मुकुट हातात धरून चर्चपर्यंत चालतो. गेल्या वर्षी डब्यातून सातवी चिठ्ठी निघाली ती माझ्या नावाची. ती वाचून दाखवल्यावर सभागृहात जी शांतता पसरली, तिचं वजन मी तेव्हाच केलं होतं. चांगली भरीव होती. कारण सात वर्षांपूर्वी हाच मुकुट माझ्या हातातून पडला होता. ग्वाल्तेरच्याच दुकानासमोर, बँड वाजत असताना, माझा उजवा गुडघा कुणी मागून लाथ मारावी तसा वाकला. सकाळपासून मी तीन पेले घेतले होते, असं मी तेव्हा म्हणत असे, खरे पाच. मुकुट घरंगळत गटाराच्या जाळीपाशी गेला. वरचं चांदीचं कबूतर तुटून पडलं. माझी मुलगी ओदीलिया तेव्हा एकोणीस वर्षांची, पांढऱ्या झग्यात माझ्या बाजूनं चालत होती. तिनं वाकून ते कबूतर उचललं, मुठीत घट्ट धरलं आणि मला ओलांडून पुढे चालू लागली. मुकुट दुसऱ्या कुणी उचलला, मला दुसऱ्या कुणी. ती थांबली नाही. त्या वर्षाच्या सप्टेंबरात ती वूस्टरला शिकायला गेली आणि तिथंच दातांच्या डॉक्टरकडे नोकरीला लागली. फोनवर ती आईशी बोलते आणि शेवटी विचारते, पप्पा बरे आहेत ना? सोनारानं कबूतर पुन्हा बसवलं, पण ते जरा डावीकडे कललेलं आहे. गेले सहा दिवस मी रोज बघतोय. जरा नव्हे. बऱ्यापैकी कललेलं आहे.

गेल्या वर्षी त्या सभागृहात ग्वाल्तेरनं उभं राहून सांगितलं होतं, चिठ्ठी निघालीय ती पवित्र आत्म्याची मर्जी, आपण कोण बदलणार? पण दाजी, तुमच्या घरी मुकुट आहे तोवर तुम्ही प्यालात, तर मी स्वतः येऊन तो उचलून नेईन आणि रविवारी मी चालेन. मान्य? मी मान्य म्हटलं. मान्य म्हणायला काय लागतं! मग मार्च उजाडला आणि माझ्या लक्षात आलं की ईस्टर महिन्यावर आलं, आणि मी अजून रोज संध्याकाळी काट्याच्या खोपटातच दोन घेऊन घरी येतोय. तेव्हा मी नदीपलीकडच्या विद्यापीठाच्या लोकांकडे गेलो. त्यांची ही फोनची योजना मला वखारीतल्या क्रेनवाल्यानं सांगितली होती, थट्टेनं. म्हणाला, जा रे, न पिण्याचे पैसे देतात, तू तर महिन्यात लखपती होशील. तिथल्या मिस दुफ्रेन नावाच्या बाईंनी मला सगळं समजावलं. पहिल्या दिवशी दर फुंकरीला तीन डॉलर. रोज थोडे थोडे वाढत जाणार. एकदा जरी आकडा वर गेला किंवा फुंकायचं राहिलं, की पुन्हा तीनवर. मी म्हटलं, बाई, मी एकतीस वर्षं लबाड माणसं बघतोय, तुमच्या योजनेत भोकं किती ते मला मोजू द्या. त्या म्हणाल्या, मोजा. मी आठवडाभर मोजली. बायकोला फुंकायला लावावं तर फोन तोंड बघतो. रात्री पिऊन सकाळी साफ व्हावं तर सकाळची वेळ नेमकी ठरलेली नाही. आजारी पडलो म्हणावं तर फुंकायला काय तब्येत लागते? शेवटी मला त्या योजनेबद्दल आदर वाटू लागला. जो काटा दिवसातून तीनदा तोलतो, तोही न सांगता, त्याला फसवायला दिवसभर शुद्धीत राहावं लागतं. आणि दिवसभर शुद्धीत राहायचंच असेल तर मग फसवायचं कशाला! मी बाईंना एवढंच विचारलं, हे श्वासाचं झालं, पण मनात काय आहे ते कोण तोलणार? त्या हसून म्हणाल्या, मिस्टर रेझेंदिश, तेवढं आमच्या अनुदानात बसत नाही.

दारावर टकटक झाली नाही, दार सरळ उघडलं. दिओलिंडा. हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. एकोणऐंशी दिवसांत तिनं एकदाही आकडा विचारलेला नाही. ती तोंड बघते आणि जाते. आज ती गेली नाही.

"किती?"

"सत्तावीस."

"म्हणजे?"

"म्हणजे बिअरच्या पेल्याएवढं. पंधरा मिनिटांनी उतरेल. तोंडातलं आहे, पोटातलं नाही. मी कणीक चाखली."

ती भिंतीला टेकली. "कधी?"

"तू पुदिना धुवायला मागच्या नळावर गेलीस तेव्हा."

स्वयंपाकघरात मोठ्या तस्तात उद्याच्या गोड पावाची कणीक घोंगडीखाली फुगत ठेवलेली होती. तिच्यावर दिओलिंडानं हातानं क्रूस काढला होता. आमच्याकडे उत्सवाचा पाव असाच होतो. सहा डझन अंडी, लोणी, लिंबाची साल, आणि दिओलिंडाच्या आईपासून चालत आलेली एक वाटी दारू, आमचे लोक ज्या बेटावरून इथं आले तिथली, पहिल्या धारेची. भट्टीत ती सगळी उडून जाते, नुसता वास राहतो. पण कच्च्या कणकेत ती असते. हे आमच्या घरातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. एका ईस्टरला त्यानं तस्तात तोंड घातलं होतं आणि मग दुपारभर कोंबड्यांकडे बघून रडत बसला होता.

"तुला माहीत होतं त्यात काय असतं," दिओलिंडा म्हणाली.

"यंदा तू घालणार नाहीस असं वाटलं. घरात बाटली कुठे होती?"

हे मी म्हटलं खरं, पण म्हणताना माझा मीच कसानुसा झालो, कारण हे माझ्या आजवरच्या आयुष्यातलं सगळ्यात निखालस खोटं वाक्य होतं. बाटली कुठे होती हे मला चौथ्या दिवसापासून ठाऊक होतं. फळीवरचा मैद्याचा डबा खाली काढून दे, असं तिनं तेव्हा मला सांगितलं होतं. मी डबा उचलला आणि माझ्या हातांना कळलं. पंचवीस पौंडांचा डबा, रिकामा डबा दोन पौंड, म्हणजे भरून सत्तावीस. हातात आले तीस. एकतीस वर्षं दुसऱ्यांचं वजन करणाऱ्या माणसाचे हात असल्या बाबतीत खोटं बोलत नाहीत. मैद्याच्या पोटात तीन पौंडांची बाटली पुरलेली होती. मी डबा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, घे. त्यानंतर दर रविवारी, काही ना काही निमित्तानं, मी तो डबा हलवून बघत असे. मैदा कमी होत गेला, त्याचा हिशेब मला पावांवरून लागे. बाटली तेवढीच राहिली. मला त्याचा अभिमान वाटे. बाटलीचा नव्हे, माझा. फोनला हे माहीत नव्हतं, मिस दुफ्रेनना माहीत नव्हतं, याचे मला कुणी तीन डॉलरही देत नव्हतं. हे निव्वळ माझं होतं. वाण्याच्या दुकानात तेल मोजण्याआधी रिकाम्या भांड्याचा धडा करून घेतात ना, तसा मी मनाशी धडा करून ठेवला होता. घरात बाटली आहे, ती माझ्या हाताच्या अंतरावर आहे, आणि तरीही शून्य. एवढं जमलं तर मुकुट काय, सगळं चर्च उचलेन. आणि आज दुपारी डबा सरकवला तर हलका लागला. बाटली बाहेर आली होती. तिच्यातली वाटीभर कणकेत गेली होती. हे मला चार वाजता माहीत होतं. सहा वाजता फोन किणकिणला, दिओलिंडा नळावर गेली आणि मी घोंगडी उचलली.

"बाटली मैद्यात होती," दिओलिंडा म्हणाली. "आणि हे तुला माहीत होतं."

मी मांडीवरचं घड्याळ सरळ केलं.

"डब्याला बाहेरून पीठ लागलेलं असतं, आदेलिनो. दर सोमवारी त्याच्यावर तुझे दहा ठसे. आधी मला वाटलं, पितोय. मग मी बाटली काढून पाहिली. बुचावर मी दोरा गुंडाळला होता. तसाच होता."

"म्हणजे तू मला तोलत होतीस."

"मग! सगळे काटे तुझ्याच बापाचे का?"

मी हसलो. तीही हसली असती, पण बाहेर पायऱ्यांवर ग्वाल्तेरचे बूट वाजले. तो जिना चढताना नेहमी खाकरतो, कर्जवसुलीला आल्यासारखा.

"दाजी! कुठे दडलात? पवित्र आत्मा एकटाच बसलाय पुढे. सहा दिवस सगळ्यांसमोर फुंकताय, आज शेवटच्या दिवशी लाज वाटली का?"

दिओलिंडा दारातून म्हणाली, "थांब जरा. पंधरा मिनिटांनी फुंकणारेत."

"पंधरा मिनिटांनी का? फोननं काय मुहूर्त काढून दिलाय?"

पुढच्या खोलीत खुर्ची करकरली. तो बसला होता. त्याच्याबरोबर ओदीलियाचा आवाज ऐकू आला, मामा कॉफी घेणार का, आणि त्याचं, दे, पण साखर मोजून, तुझ्या बापासारखं सगळं मोजायची सवय लागलीय मला. ती सोमवारी वूस्टरहून आली होती, आठवड्याची रजा काढून. आल्यापासून ती माझ्याशी व्यवस्थित बोलते. व्यवस्थित म्हणजे दाताच्या दवाखान्यात बोलतात तसं; आता जरा दुखेल, आता झालं. ती रश्श्याचं मांस आणायला माझ्याबरोबर आली होती. खाटकाकडे मी योजनेचं कार्ड पुढे केलं तेव्हा तिनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, माझ्या श्वासाचे पैसे आहेत, एकशे वीस पौंड मांस येतं त्यात. ती एकदम खिडकीतून बाहेर बघू लागली. ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. माणसांच्या बाबतीत माझे हात तेवढे हुशार नाहीत.

सहा वाजून सव्वीस मिनिटं. चार उरली होती. आणि मग, घड्याळाकडे बघता बघता, मी जे इतका वेळ बाजूला सरकवत होतो ते समोर येऊन बसलं. एक बोट कणकेत घातलं, तोंडात घातलं. ठीक. पाव कसा जमलाय, गोडी किती, लिंबू किती, घरचा यजमान म्हणून बघायला नको? ते पहिलं बोट चवीचं होतं, कुणापुढेही सांगेन. पण मी तिथं थांबलो नव्हतो. घोंगडी परत टाकली, दोन पावलं गेलो, मागं वळलो आणि दुसरं बोट घातलं. खोल घातलं. बाहेर काढल्यावर लगेच तोंडात नाही घातलं, आधी नाकापाशी धरलं. ते लिंबासाठी नव्हतं. दुसरं बोट मधल्या पेराच्या वरपर्यंत चोखलं आणि डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांपुढे काट्याचं खोपटं आलं, हिवाळ्यातली चार वाजताची काळोखी, विजेची शेगडी, आणि घशातून पोटापर्यंत उतरत जाणारा तो तापलेल्या तारेसारखा धागा, की ज्यानंतर सगळ्या गाड्या, सगळी वजनं, सगळे लबाड लोक आपल्याला आवडायला लागतात. सात सेकंद असतील. मग मी डोळे उघडले, चूळ न भरता मागच्या खोलीत आलो आणि घाईघाईनं फुंकलं. म्हणजे चूळ भरायची विसरलो नव्हतो. चव जायला नको होती.

एवढं सगळं दिसल्यावर मला घाम फुटायला हवा होता. तसं झालं नाही. उलट बरं वाटलं, चोरीची गाडी पकडल्यावर वाटतं तसं. कुठे दडवलं होतं ते सापडलं की लोखंड पुन्हा लोखंड होतं आणि वाळू वाळू. फोन साडेसहाला शून्य दाखवणार हे पक्कं होतं. ते शून्य खरं असणार हेही पक्कं. पण त्या शून्यात एक माणूस केबिनमध्ये बसून राहिलेला असणार, हे फक्त मला दिसत होतं. आणि उद्या जर मी तसा निघालो, केबिनमधल्या माणसासकट, तर ग्वाल्तेरच्या दुकानासमोर माझा गुडघा वाकेल. दारूशिवाय वाकेल. मी नळी आणि फोन घेतला आणि पुढच्या खोलीत गेलो.

ग्वाल्तेर कॉफीचा कप गुडघ्यावर ठेवून बसला होता. ओदीलिया मुकुटाच्या पायऱ्यांवरचे गुलाब नीट करत होती. दिओलिंडा माझ्यामागून आली.

"या, दाजी. मुहूर्त झाला?"

"आधी एक सांगायचंय," मी म्हटलं. "सव्वासहाला मी फुंकलं. सत्तावीस आलं. कणीक खाल्ली होती."

ग्वाल्तेरनं कप खाली ठेवला. "कणीक तर आम्हीही खातो."

"एक बोट तुम्ही खाता तसं खाल्लं. दुसरं तसं नव्हतं."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे दारूसाठी."

ग्वाल्तेरची नजर माझ्यावरून बहिणीकडे गेली, तिथून कबुतराकडे. "एवढंच? बोटभर?"

"वजन विचारू नका. मला विचाराल तर दोन ग्रॅम. पण ते दारूसाठी होतं. आता मी फुंकतो, शून्य येईल. शून्य आल्यावर सांगितलं असतं तर फुशारकी झाली असती, म्हणून आधी सांगितलं."

मी नळी तोंडात धरली. सहा सेकंद फुंकायचं असतं. एकसष्टाव्या वर्षी सहा सेकंद म्हणजे बराच रस्ता. फोननं विचार केला. शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य. मी तो ग्वाल्तेरपुढे धरला. त्यानं चष्मा लावला, वाचला, चष्मा काढला.

"फोननं आपलं काम केलं," तो म्हणाला. "आता माझं कसं करू? मी म्हटलं होतं, प्यालात तर नेईन. हे पिणं की खाणं? चाळीस वर्षं टायर विकतोय, असला टायर नाही पाहिला. फुटलाही नाही आणि हवाही गेलेली."

"मुकुट इथंच राहील," ओदीलिया म्हणाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. तिचे हात गुलाबांतच होते. "सात वर्षांपूर्वी पप्पा म्हणाले होते तीन पेले. मी घरात मोजले होते, पाच होते. आज ते दोन बोटं म्हणतायत आणि दोनच आहेत. उद्या मी बाजूनं चालेन."

ग्वाल्तेरनं कपाची कड बोटानं पुसली. मग म्हणाला, "बरं. पण दुकानासमोर मी रस्त्यावर उभा राहणार, हात पुढे करून. धरायला."

"राहा," मी म्हटलं.

दिओलिंडा आत गेली आणि उरलेली बाटली घेऊन आली. पीठ लागून ती पांढरी झाली होती. तिनं ती भावाच्या हातात दिली. "ही ने. पुढच्या वर्षी पावाला लागेल तेव्हा वाटीभर मागीन. आणि डब्यात फक्त मैदा राहील, कुणाला उचलून बघायचा तर बघू दे." जपमाळ झाल्यावर ग्वाल्तेर ती कोटाखाली धरून जिना उतरला. आली त्यापेक्षा जड होऊन गेलेली गाडी मी वखारीत क्वचितच पाहिलीय.

रविवारी साडेनऊला आम्ही निघालो. पुढे झेंडे, मग लहान मुली, मग बँड, मग मी. मुकुट चांदीच्या तबकावर, तबक दोन्ही हातांत. तबकासकट पावणेसहा पौंड. सात वर्षांपूर्वी मला तो वीस वाटला होता. डावीकडे दिओलिंडा, उजवीकडे ओदीलिया. कोलंबिया स्ट्रीटवर लोक दोन्ही बाजूंना उभे होते, आणि माझ्याकडे नव्हे, माझ्या गुडघ्यांकडे बघत होते. टायरचं दुकान दिसू लागलं. ग्वाल्तेर लाल पट्टा लावून कबूल केल्याप्रमाणे रस्त्याच्या कडेला उभा होता, हात अर्धवट पुढे. आणि तेव्हा, दुकानाला वीस पावलं उरली असताना, माझ्या कोटाच्या आतल्या खिशात फोन किणकिणला.

तासाची मुदत होती. चर्चच्या दारात पोचून, मुकुट वेदीवर ठेवून, मागच्या खोलीत जाऊन निवांत फुंकता आलं असतं. मागच्या खोल्या मला चांगल्या माहीत आहेत. मी थांबलो. माझ्यामागचं सगळं थांबलं. दिंडीसारखी लांबलेली माणसं एकमेकांवर हलकेच आपटली. पुढचा बँड चार पावलं गेला आणि मागं काही येत नाही हे कळून एकेक वाद्य बंद पडत गेलं, शेवटी ढोल.

ग्वाल्तेर धावत आला. "काय झालं? गुडघा? द्या, इकडे द्या मुकुट!"

"वाटेत मुकुटाचे हात बदलत नाहीत, ग्वाल्तेर. ओदीलिया, आतल्या खिशात फोन आहे. दिओलिंडा, नळी बाहेरच्या."

"इथं?" दिओलिंडा म्हणाली. "सगळ्या गावासमोर?"

"पडलो कुठे होतो मग?"

ओदीलियानं माझ्या कोटात हात घातला. इतक्या वर्षांत तिनं मला तेवढ्या जवळून हात लावला नव्हता. तिनं फोन माझ्या तोंडासमोर धरला, थोडा उंच, तिच्या दवाखान्यातला दिवा धरावा तसा, आणि म्हणाली, "आ करा पप्पा." दिओलिंडानं नळी ओठात दिली. मी फुंकलं. एक, दोन, तीन. समोर तिरकं कबूतर होतं आणि माझा श्वास नळीतून सुटून त्याच्यावर जात होता. चार, पाच. रस्त्यावर एवढी शांतता होती की नळीतली बारीक शिट्टी मला ऐकू आली. सहा.

ओदीलियानं फोन फिरवून स्वतः वाचला, मग तो मला न दाखवताच माझ्या खिशात परत ठेवला आणि वरून थोपटला. दाखवायची गरज नव्हती. दिओलिंडानं माझं तोंड बघितलं, नेहमीसारखं, आणि पुढे बघू लागली.

"किती?" ग्वाल्तेरनं विचारलं. "अहो, किती आलं?"

"रिकामी गाडी," मी म्हटलं आणि पाऊल टाकलं. बँडवाल्यांना सूर सापडायला वेळ लागला. त्यामुळे टायरच्या दुकानापर्यंतची ती वीस पावलं आम्ही तिघं बिनवाद्याचेच चाललो.